मागच्या खोलीची खिडकी

ड्वेनने खिशातली पोलादी फीत काढली, मागच्या खोलीत गुडघे टेकले आणि खिडकीखालची भिंत मोजायला घेतली. घर दाखवायला आलेली ब्रिन दारातच थांबली. स्वयंपाकघरातला नवा ओटा, अंगणातलं सफरचंदाचं झाड, चालत जाण्याजोगं वाचनालय, सगळं तिने हौसेने दाखवत आणलं होतं. आणि हा गृहस्थ साऱ्या घरातली सर्वांत साधी खोली मोजत बसला होता.

"इथे काय ठेवायचा विचार आहे?" तिने विचारलं.

"बघतोय," ड्वेन म्हणाला.

लॉर्ना ब्रिनकडे बघून सांभाळून घेतल्यासारखं हसली. चाळीसेक वर्षांच्या संसारात 'बघतोय'चा अर्थ तिला पाठ झाला होता. ड्वेन शाळेत मुलांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. आता आपलं कामाचं टेबल तो मनातल्या मनात या खोलीत बसवून बघणार, ते बोटभर कमी पडणार, आणि त्याबरोबर हे घर आणि हॅलोवे गावसुद्धा निकालात निघणार. निवृत्तीनंतर राहायला जायचं म्हणून वसंतापासून पाहिलेल्या गावांपैकी हे शेवटचं होतं.

गाव निवडायची लॉर्नाची पद्धत ठरलेली होती. आठवडाभर घर भाड्याने घ्यायचं आणि इथलेच असल्यासारखं राहायचं. वाण्याकडे जायचं, इस्पितळ किती लांब आहे ते गाडीने जाऊन बघायचं, वाचनालयात बसायचं आणि एक तरी डोंगरवाट चढायची. तिला माणसांचं भारी कुतूहल. दुकानात ती दुसऱ्यांच्या टोपलीत डोकावून बघायची आणि ड्वेन दुसरीकडे बघत उभा राहायचा. हॅलोवेच्या वाचनालयात तर तिने तिथल्या बाईंना सरळ विचारलं होतं की तुमच्या गावातले लोक चिडतात कशावरून. त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या की गाड्या लावायच्या जागेवरून, आणि पाचोळा उडवायच्या यंत्राच्या आवाजावरून. लॉर्नाने ते उत्तर दिवसभर मनात घोळवलं. कोल्टनमध्ये, म्हणजे नेब्रास्कातल्या त्यांच्या गावात, लोक कशावरून चिडतात ते तिला चांगलं माहीत होतं.

ड्वेनला मात्र प्रत्येक गावात काहीतरी खटकायचं. एका गावात उन्हाळाभर वणव्याचा धूर. दुसऱ्यात कॉफी मागितली तर दूध कशाचं हवं यावर अर्धं व्याख्यान. तिसऱ्यात घराघरापुढे 'इथे सगळ्यांचं स्वागत आहे' अशी पाटी, आणि तिच्या शेजारीच 'गाडी वळवायला आत शिरू नये' अशी दुसरी. ही शेवटची तक्रार करताना तो हसला होता आणि लॉर्नालाही हसू आवरलं नव्हतं. पण हसून गावाचा प्रश्न सुटत नव्हता. कोल्टनमध्ये डोंगर म्हणावा असा धान्याच्या कोठाराचा मनोरा तेवढा होता. इतकी वर्षं ती मक्याच्या कडेने सरळ रेषेत चालत आली होती आणि आता तिला चढ हवा होता. हे कारण ती सगळ्यांना सांगायची. ते खरंही होतं, पण पुरतं नव्हतं.

पुरतं कारण कॉलिन होता. त्यांचा एकुलता एक मुलगा शिकागोत अ‍ॅमॉसबरोबर राहत होता. कॉलिन आणि अ‍ॅमॉसच्या लग्नालाही आता बरीच वर्षं झाली होती. मागे एका नाताळला दोघं कोल्टनला आले होते. कॉलिनच्या खोलीत त्याचा लहानपणचा एकेरी पलंगच होता, म्हणून अ‍ॅमॉसची झोपायची सोय लॉर्नाने तळघरातल्या सोफ्यावर केली. घरातली सगळ्यात चांगली गोधडी तिने त्याला दिली, आणि त्या गोधडीची तिला आजही लाज वाटत होती. चर्चच्या जेवणात लोकांनी कॉलिनशी हात मिळवला आणि अ‍ॅमॉसच्या वेळेला सगळ्यांचे हात ताटल्यांमध्ये गुंतले. निघायच्या सकाळी कॉलिनने दारात पिशवी खाली ठेवली आणि बापाला विचारलं, "बाबा, इथे हे कधी बदलेल का?"

ड्वेनने खरोखर विचार केला. मग म्हणाला, "माझ्या हयातीत नाही."

त्यानंतर कॉलिन कोल्टनला आला नाही. दर रविवारी आईला फोन करायचा आणि बापाची खुशाली तिच्याकडून विचारून घ्यायचा.

ड्वेनला वाईट म्हणावं तर तसाही तो नव्हता. जे दिसलं ते सांगायचं, एवढाच त्याचा धर्म होता. गावच्या मुलांच्या बेसबॉल सामन्यांत वर्षानुवर्षं तोच अंपायर असायचा, कारण दोन्ही बाजूंना त्याच्या निकालाची खात्री होती. कॉलिन लहान असताना, शेवटच्या सामन्यात, जिंकायच्या धावेसाठी तो धुळीतून घसरत आला. धूळ खाली बसायच्या आत ड्वेनने अंगठा वर करून त्याला बाद दिलं. रात्री जेवताना बटाट्यांचं भांडं पुढे सरकवत ड्वेन फक्त एवढंच म्हणाला की तू बाद होतास. कॉलिन खरंच बाद होता, हे त्याने पुढे हसत कबूलही केलं. तेव्हापासून तो बापाला अंपायर म्हणायचा. अलीकडे तसं म्हणताना तो हसत नसे.

घर बघून झाल्यावर ब्रिनने दोघांना डोंगरवाट दाखवली आणि ती आपल्या कामाला गेली. वाट देवदारांमधून वळणं घेत वर जात होती. वरून उतरणारे लोक चढणाऱ्यांना जागा देण्यासाठी बाजूला उभे राहत, तोंडभर हसत. पहिल्याच चढावर कुत्रा घेऊन उतरणारी एक बाई म्हणाली, "आलंच आता. वरून काय दिसतं, बघाच तुम्ही!" लॉर्नाला हुरूप आला. बराच वेळ चालल्यावर दाढीवाला एक तरुण भेटला, त्यानेही आलंच म्हणून सांगितलं. पुढच्या वळणावर पाठीवर बाळ बांधलेल्या बाईनेही तेच सांगितलं, आणि वर झाडांखेरीज काही दिसत नव्हतं.

"हे सगळ्यांना हेच सांगतात का?" ड्वेन म्हणाला.

लॉर्नाला मात्र गंमत वाटत होती. एवढी अनोळखी माणसं, कुणाचं कुणाशी नातं नाही, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोड थाप. त्यांना ही कुणी शिकवली असेल, की वर जाऊन आलेल्या माणसाला ती आपोआप सुचते, याचा ती विचार करत चालली होती. तेवढ्यात ड्वेनचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. त्याने तोंडाने सांगितलं नाही, पण तो सपाटीवरसुद्धा हातातल्या काठीवर भार देऊ लागला तेव्हा तिला कळलं. ती एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसली आणि आपल्यालाच दम लागल्याचं तिने जाहीर केलं. ड्वेन शेजारी बसला. डब्यातलं सँडविच दोघांनी अर्धं अर्धं केलं.

"मग? गाव कसं वाटलं?" तिने विचारलं. हा प्रश्न तिने आठवडाभर तोंडात धरून ठेवला होता.

"लोक चांगले आहेत," तो म्हणाला. "खोटं बोलतात."

"खोटं कसलं त्यात. धीर देतात ते."

"आलं नसताना आलं म्हणायचं?"

"माणूस चालत राहतो त्याने."

ड्वेन सँडविच चावत राहिला. हा वाद इथेच सोडून द्यावा असं लॉर्नाला वाटलं. मग तिला वाटलं की आपण हे असंच सोडत आलो, म्हणून तर एवढी वर्षं गेली. तिने हात झटकून पावाचा चुरा खाली पाडला.

"कॉलिनला त्या दिवशी एवढंच हवं होतं," ती म्हणाली. "दारात विचारलं त्याने तेव्हा. त्याला काय माहीत नव्हतं का कोल्टन कसं आहे ते? त्याला तुझ्याकडून निकाल नको होता, ड्वेन."

ड्वेनने खिशातून फीत काढली, बोटभर ओढली आणि सोडली. ती सट्कन आत गेली. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. झाडाच्या शेंड्यावर एक सुतारपक्षी ठोकत होता आणि दोघं तो बसलाय कुठे ते शोधत राहिले. शेवटी ड्वेनच उठला आणि म्हणाला की माथा काही आज होत नाही, खाली जाऊ या. लॉर्ना उठली. आपण बोललो ते बरं केलं की सगळं घालवलं, तिला काही कळेना.

उतरताना तो पुढे होता आणि ती मागे. एका वळणावर कडेच्या दगडावर एक मुलगी बसली होती, तोंड लालबुंद, आणि तिच्यासमोर एक मध्यमवयीन बाई पाण्याची बाटली धरून तिची मनधरणी करत होती. मायलेकी असाव्यात. आई मुलीला चल म्हणत होती, आणि मुलगी आपण आता एक पाऊलही टाकणार नाही असं सांगत होती.

ड्वेन बाजूला उभा राहिला, उतरणाऱ्याने राहायचं तसा.

"अजून किती आहे हो?" मुलीने विचारलं. तिला खरं उत्तर हवं आहे हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

अर्धीसुद्धा वाट झालेली नाही, आम्ही वरपर्यंत गेलोच नाही, गुडघा धरला तर परत फिरा: हे सगळं लॉर्नाला नवऱ्याच्या आवाजात आधीच ऐकू येत होतं.

ड्वेनने वर वाटेकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"आलंच आता," तो म्हणाला. "वरून जे दिसतं ना, ते बघायलाच हवं."

मुलगी उठली. आईने ड्वेनकडे कृतज्ञतेने पाहिलं आणि दोघी वर गेल्या. त्या वळणाआड गेल्या तशी लॉर्ना त्याच्या शेजारी आली.

"तू कधी बघून आलास वरून?"

"ती कुत्रेवाली म्हणाली ना," ड्वेन म्हणाला आणि चालू लागला. त्याचे कान लाल झालेले तिला मागून दिसले.

खाली गाडीपाशी आल्यावर फोनला रेंज आली आणि पाठोपाठ कॉलिनचा निरोप वाजला. रविवार होता, आणि हे शेवटचं गाव आहे हे त्याला ठाऊक होतं. 'अंपायरचा निकाल काय?' एवढंच त्याने लिहिलं होतं. लॉर्ना गाडीच्या दाराला टेकून उत्तर लिहायला लागली. आधी तिने 'अजून बघताहेत' असं लिहिलं आणि पुसलं. मग आणखी काहीतरी लिहिलं, तेही पुसलं. ड्वेन बुटांतले खडे काढत होता. ते झाल्यावर त्याने हात पुढे केला.

"दे इकडे."

तिने फोन दिला. त्याने लिहिलं काही नाही. नंबर लावला आणि फोन कानाला धरून तो डोंगराकडे तोंड करून उभा राहिला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "नाही, नाही, सगळं ठीक आहे. आई इथेच आहे, बरी आहे. ऐक. एक विचारायचं होतं." मोकळ्या हाताने त्याने खिशातली फीत चाचपली. "इथे एक घर बघितलंय. त्याच्या मागच्या खोलीत खिडकीखाली मोठा पलंग बसतो. मी मोजलंय. दोन्ही बाजूंनी उतरायला जागा राहते. विकतचा नाही, मीच करणार आहे. पण खिडकी पूर्वेची आहे, सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येणार. तुम्हा दोघांना ते चालेल, की डोकं दुसऱ्या बाजूला घेऊ?"

लॉर्नाने गाडीच्या टपावर हात ठेवला. टप उन्हाने तापला होता, तरी तिने हात काढला नाही.

ड्वेन उत्तराची वाट बघत राहिला. एवढा वेळ वाट बघताना तिने त्याला मैदानावरही कधी पाहिलं नव्हतं.

"आत्ताच सांगायला पाहिजे असं नाही," तो शेवटी म्हणाला. "लाकूड आणायला अजून वेळ आहे. अ‍ॅमॉसला विचार."