कडुबाचा गुन्हा

सांडू नाईकाच्या धाकट्या लेकीची, आवडीची, सोयरीक मोडली ते साल ब्याण्णव. मुलगा सोयगावकडचा, वाळूजला कारखान्यात हेल्पर. सुपारी फुटली होती. पाहुणे दुसऱ्यांदा आले आणि मुलाच्या बापानं बसल्या बसल्या एवढंच विचारलं, "नाईक, जमीन किती?"

सांडूनं टेकडीकडं हात केला. "ती काय समोर. तीन एकर."

"नाव कुणाचं हाय तिच्यावर?"

"कसतो आमीच. माझ्या आज्यापासून."

"मी नाव इचारलं," पाहुणा म्हणाला. चहा झाकून ठेवून तो उठला, आणि त्याच्या मागोमाग सगळे उठले.

लव्हाळवाडीच्या वरच्या अंगाला, गायरानाच्या टेकडीवर भिल्लांची अकरा घरं होती. सांडू त्यांचा नाईक. सोयरीक असो की भांडण, वाटणी असो की काडीमोड, निवाडा मोहाच्या झाडाखाली व्हायचा आणि सांडूच्या तोंडचा शब्द शेवटचा असायचा. वस्तीतलं कुणी कधी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. सांडूला या गोष्टीचा फार अभिमान होता.

त्याच उन्हाळ्यात लिंबाजी मास्तर वस्तीवर आले. खालच्या गावातल्या बौद्ध वस्तीतले ते पहिले शिकलेले. बाजेवर बसले आणि म्हणाले, "नाईक, चांगली खबर हाय. गायरान कसणाऱ्याच्या नावावर जमीन करायचा हुकूम निघालाय. तुमालाबी हाय, आमालाबी हाय. फकस्त नव्वद सालच्या आधीपासून कसता याचा पुरावा लागतो."

"पुरावा म्हंजे?"

"अतिक्रमणाची केस झाली असंल, दंड झाला असंल, तलाठ्याच्या वहीत नाव असंल. त्यातलं कायबी चालतं."

सांडू हसला. छाती पुढं काढून म्हणाला, "मास्तर, अकरा घरांत एकाच्या नावावरबी गुन्हा नाय. तलाठ्याच्या वहीत आमचं नाव हुडकून दावा!"

मास्तर हसले नाहीत. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "नाईक, घोटाळा तिथंच हाय. ज्याचा गुन्हा, त्याची जमीन."

सांडूला ते कळायला वेळ लागला. निजामाच्या काळात भिल्लाचं नाव चौकीच्या दप्तरात चढलं की माणूस धड परत येत नसे. त्याच्या आज्यानं बापाला आणि बापानं त्याला एकच शहाणपण दिलं होतं: सरकारच्या कागदात नाव जाऊ द्यायचं नाही. म्हणून दर दिवाळीला तलाठी आला की सांडू अकरा घरांतून कोंबड्या गोळा करायचा. वर मोहळाचा मध आणि दोन पाट्या सीताफळं. तलाठी कोंबडीचं वजन हातानं तोलून बघायचा आणि म्हणायचा, "बरं नाईक, औंदाबी टेकडी पडीकच लिहितो." सांडू हात जोडायचा. वीस वर्षं त्यानं कोंबड्या दिल्या आणि स्वतःची जमीन स्वतः पडीक लिहून घेतली.

चुलीपाशी बसलेली त्याची बायको दगडाबाई मान वर न करता म्हणाली, "कडुबाच्या नावावर हाय की गुन्हा."

वस्तीवर ते नाव चौदा वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

कडुबा सांडूचा चुलतभाऊ. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव आगी लागल्या. लव्हाळवाडीत बौद्धांची सात घरं जळाली. तेव्हा कडुबानं लिंबाजी मास्तरांच्या म्हाताऱ्या आईबापाला आणि आणखी दोन घरांतल्या बायापोरांना टेकडीवर आणलं. पाच दिवस त्यांना आपल्या झोपडीत ठेवलं, भाकरी घातली. हे सरपंच आप्पासाहेबांच्या कानावर गेलं. महिन्याच्या आत तलाठी वर आला. त्या खेपेला त्यानं कोंबडी घेतली नाही. फक्त कडुबाच्या दोन एकरांचा पंचनामा केला, आणि उभ्या बाजरीत सरपंचाचे बैल सुटले.

मग आप्पासाहेबांनी सांडूला ओसरीवर बोलावलं. "नाईक, त्याच्या पायी अकरा घरं उठतील. तुमच्या जातीचा कारभार तुमी करता. त्याला दूर करा अन् तसं लिहून द्या, म्हंजे बाकीच्यांना कुणी हात लावणार नाय." मोहाखाली पंच बसले. वस्तीवर सरकार आणलं, या गुन्ह्याखाली कडुबाला वाळीत टाकलं. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांच्या ओसरीवर कागद लिहून तयार होता. सांडूनं आणि चार पंचांनी अंगठे उठवले. कागदात काय आहे ते कुणी विचारलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना कपबशीतून चहा मिळाला होता आणि सगळ्यांचं लक्ष त्या बशीकडं होतं.

कडुबा ओढ्यापलीकडं राहायला गेला. शहाऐंशीच्या पावसाळ्यात काविळीनं मेला. त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, खालच्या गावातल्या बौद्धांना बोलावून त्याला माती दिली. ओढ्याच्या अलीकडं भिल्लांची अकरा घरं दारं लावून बसली होती.

सांडू दोन पंचांना घेऊन ओढा ओलांडून गेला. लिंबाजी मास्तर बरोबर होते. गोजरबाई दारात मटकी पाखडत होती.

"गोजरबाई," सांडू म्हणाला, "कडुबाच्या केसचा कागुद हाय का गं?"

तिनं सूप थांबवलं नाही. "कोण भुंकतंय, मास्तर? चौदा वर्षं इकडं माणूस फिरकला नाय. कुत्रं असंल."

"मी सांडू."

"मंग बरोबर वळखलं."

मुंजाबा म्हणून एक पंच होता. तो गुरगुरला, "वयनी, नाईकाशी बोलतीस तू."

"वयनी!" गोजरबाईनं सूप खाली ठेवलं. "बघा मास्तर, कागुद लागला तशी मी वयनी झाले. माझा नवरा चार दिस पिवळा पडून हितं पडला व्हता, तवा मी कोण व्हते रे मुंजाबा?"

मुंजाबानं रीत काढली. जातीत परत घ्यायचं तर वाळीत पडलेल्यानं दंड भरायचा, जेवण द्यायचं, मग पंच त्याच्या हातचा घास घेतील. एवढं केलं की सगळं गोड होईल.

"घास देते," ती म्हणाली. "शिळी भाकर हाय घरात. पर आधी नाईकानं तोंडानं सांगायचं, माझ्या नवऱ्यानं काय केलं व्हतं."

सांडू उभा राहिला. इतकी वर्षं तो दुसऱ्यांचे निवाडे सांगत आला होता. शेवटी म्हणाला, "कायबी नाय."

"मोठ्यानं."

"कडुबानं कायबी केलं नव्हतं. म्या भ्यालो व्हतो."

तिनं आतून भाकर आणली, तिचे तुकडे केले आणि तिघांच्या हातांवर ठेवले. सांडूनं आपला तुकडा चावला. मग गिळला. मुंजाबानं तुकडा तोंडाजवळ नेला, मूठ मिटली, आणि हात मागं नेऊन बोरीच्या झुडपात टाकून दिला. सांडूनं ते पाहिलं. ज्या माणसाला जमीन हवी होती त्याला तिच्या हातची भाकर चालत नव्हती. सांडूला शिसारी आली. मग त्याला आठवलं की हे सोवळं मुंजाबाला शिकवलं कुणी. वाळीतल्याच्या घरचं पाणी पिऊ नका, हे मोहाखाली उभं राहून त्यानंच सांगितलं होतं.

कागद पत्र्याच्या पेटीत होता. मास्तरांनी तो उन्हात धरून वाचला आणि त्यांचा आवाज चढला. "नाईक, ऐका. शेताच्या चतुःसीमा लिहिल्यात. पूर्वेस सांडू भिल्ल याची वहिती. पश्चिमेस मुंजाबा भिल्ल याची वहिती. उत्तरेस बाकी भिल्लांच्या जमिनी. दक्षिणेस ओढा. अहो, तलाठ्यानं कडुबाला धरायच्या नादात तुमी सगळे कसत व्हता हे लिहून ठेवलं! सरकारी पंचनामा हाय हा. अठ्ठ्याहत्तर सालचा शिक्का हाय."

अकरा घरांत त्या दिवशी तेलाचा दिवा लागावा तसा उजेड पडला. मास्तरांनी बारा अर्ज लिहिले, अकरा घरांचे आणि एक गोजरबाईचा. आवडीच्या सासऱ्याकडं, म्हणजे जो होणार होता त्याच्याकडं, निरोपसुद्धा गेला.

चौकशीला नायब तहसीलदार कार्तिकात आले. चावडीवर त्यांना खुर्ची, आप्पासाहेबांना खुर्ची. भिल्ल खाली. गोजरबाई खांबाला टेकून.

तलाठ्यानं अतिक्रमणाची वही उघडली. टेकडीच्या पानावर चार नावं होती. चारी आप्पासाहेबांच्या घरची, त्यांचा भाचा, जावई, पुतण्या, मेव्हणा. पंच्याऐंशी सालापासून कसतात, दंडही भरला. त्यांच्यातल्या एकानंही जन्मात टेकडी चढली नव्हती; भाचा तर संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादेत, मोटारीच्या टायरांचं दुकान चालवायचा. वहीची बाकी पानं पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या. हे एक पान पांढरं शुभ्र.

मास्तर म्हणाले, "साहेब, सात वर्षांपूर्वीची शाई अजून हाताला लागती."

नायबांनी पानावरून बोट फिरवून पाहिलं, ते रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "शाई चांगली आहे मग." आप्पासाहेब पोट हलवून हसले. सगळ्यांना ठाऊक होतं की टेकडी बाजरीसाठी नको होती. वाळूजला शेडवर शेड उठत होती, रस्ते होत होते, त्याला खडी आणि मुरूम पाहिजे होता. अख्खी टेकडी काळ्या दगडाची.

मास्तरांनी कडुबाचा पंचनामा पुढं केला. नायबांनी तो दोनदा वाचला. मग वही जरा बाजूला सारली. "हा कागद खरा आहे," ते म्हणाले. "यात भिल्लांची वहिती दिसते. याच्यापुढं वहीतल्या नोंदी टिकणार नाहीत."

सांडूनं गोजरबाईकडं पाहिलं. ती आप्पासाहेबांकडं बघत होती.

आप्पासाहेबांनी घाई केली नाही. बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी घडी केलेला स्टॅम्पपेपर काढला. "साहेब, हाबी एक वाचा. त्यांच्याच जातपंचायतीचा हाय."

नायबांनी मोठ्यानं वाचलं. "आम्ही खाली अंगठे करणारे भिल्ल समाजाचे पंच लिहून देतो की, गायरानात कडुबा हा एकटाच बेकायदा वहिती करतो. आमच्यापैकी कोणीही तेथील जमीन कसत नाही, पूर्वी कसलेली नाही आणि पुढं तिच्यावर हक्क सांगणार नाही. कडुबाशी आमचा संबंध उरलेला नाही."



"नाईक, हा अंगठा तुमचा?"

लिंबाजी मास्तर डोळ्यांत जीव गोळा करून बघत होते. नाही म्हणाला असता तर तपासणी लागली असती, वर्ष गेलं असतं, कदाचित काही झालंही असतं. सांडू आपल्या उजव्या अंगठ्याकडं बघत राहिला.

"भिलाची जबान हाय," आप्पासाहेब मायेनं म्हणाले. "नाईक खोटं बोलायचा नाय."

"माझाच हाय," सांडू म्हणाला.

"म्हाईतच व्हतं मला! असली मानसं आता ऱ्हायली कुठं?" आप्पासाहेबांनी वाकून त्याच्या खांद्यावर थोपटलं. "अन् आमाला बोल लावू नका बरं का नाईक. आमी काय केलं? तुमच्या पंचायतीनं ठराव केला. तुमचा कारभार तुमीच केला."

खांद्यावरचा तो ऊबदार, जाडजूड हात सांडूला पाल पडल्यासारखा वाटला. झटकायला हवा होता, पण त्याच्यानं झटकवला नाही. जमीन गेल्याचं दुःख मागून आलं. त्या घटकेला त्याला ओकारी आली ती त्या शाबासकीची. चावडीच्या मागं जाऊन तो भडाभडा ओकला आणि आत चहा वाटल्याचा आवाज आला.

निकाल साधा लागला. कडुबाचं अतिक्रमण पंचनाम्यानं सिद्ध, शिवाय पंचांच्या कागदानंही सिद्ध, म्हणून दोन एकर गोजरबाईच्या नावावर. बाकी अकरा अर्ज नामंजूर, आणि वहीतली चार नावं कायम. गोजरबाईला सातबारा मिळाला, तो तिनं मास्तरांकडून एकदा वाचून घेतला आणि पेटीत टाकला. वर्षाच्या आत ग्रामपंचायतीच्या ठरावानं टेकडीवर खडीक्रशर उभं राहिलं. आप्पासाहेबांनी सांडूला निरोप धाडला, रखवालदाराची जागा आहे, टेकडी तुमच्याइतकी कुणाला ठाऊक? सांडू गेला नाही. मुंजाबाचा थोरला पोरगा गेला. त्याला खाकी शर्ट मिळाला, तो त्यानं मोहाखाली येऊन सगळ्यांना दाखवला.

सुरुंग सुरू झाल्यावर सांडूनं एकदा, शेवटचं, पंच बसवले. गोजरबाईला बोलावलं आणि बाई असून पंचांच्या ओळीत बसवलं.

"वस्तीवर सरकार आणलं म्हणून आपण कडुबाला काढलं," तो म्हणाला. "म्या तर वस्तीच आप्पासाहेबाच्या घशात घातली. माझा निवाडा करा. मला वाळीत टाका."

कुणी बोलेना. मुंजाबा चुळबुळला. "जाऊ दे नाईक, झालं गेलं. वरून पोराला नोकरीबी लागली."

"तवा लई तोंडं व्हती तुमाला," सांडू ओरडला. "आता कुठं गेली?"

"मी बोलते," गोजरबाई म्हणाली. अंगावरची पांढरी धूळ तिनं पदरानं झटकली. "काढू नका त्याला. येवढं सोपं नाय करायचं. हितंच ऱ्हाऊ द्या, टेकडीच्या समोर. रोज उठून बघू द्या."

पंचांनी माना हलवल्या. तोच निवाडा झाला.

सांडू रोज उठून दारात बसायचा आणि बघायचा. दगडाची पूड भाकरीवर बसायची, पाण्यावर तरंगायची. तो थुंकायचा तेही पांढरं पडायचं. आवडीची सोयरीक पुढं एका बिनजमिनीच्या घरात झाली.

सांडू नाईक चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, विद्यापीठाचं नामांतर झालं त्या संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी वारला.