हिरव्या पट्टीचं कार्ड

प्रभाकररावांच्या हातात यादी दिली की स्वारी खूश. चाकणच्या कंपनीत पंचवीस वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस. घरातल्या हळद-मिठाच्या डब्यांवरसुद्धा तारखेच्या चिठ्ठ्या. अशा माणसाला ताथवड्याच्या सोसायटीनं सेक्रेटरी केलं, म्हणजे कोलीत कुणाच्या हाती दिलं ते तुम्हीच ठरवा.

झालं काय, पार्किंगवरून दोन भाडेकरू पोरांशी भांडण झालं आणि प्रभाकररावांना तोडगा सुचला. प्रत्येकाला कार्ड. त्यावर नाव, फ्लॅट आणि मूळ जिल्हा. स्थानिकांना हिरवी पट्टी, बाहेरच्यांना पिवळी. मीटिंगमध्ये चौघं कुरकुरले, तेव्हा हे तासभर बोलले. शेवटी लोकांना भूक लागली आणि ठराव मंजूर झाला. वाटप रविवारी सकाळी होतं. शनिवारी दुपारी एकशे बारा कार्डं लॅमिनेट होऊन दिवाणखान्याच्या टेबलावर आली, आणि आपल्या हिरव्या पट्टीकडे पाहून प्रभाकररावांना धन्य वाटलं.

नेमकी त्याच दुपारी ओवी एक मुलाखत घेणार होती. लेक अकरावीत. नरसंहारातून वाचलेल्या एका माणसाचा अनुभव वाचून त्यावर लिहा, असा प्रकल्प कॉलेजनं दिला होता. ओवी म्हणाली, वाचायचं कशाला, चौथ्या मजल्यावर आहे की. ती म्हणजे जोसियान. रवांडाची, चाळिशीची, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करणारी. प्रभाकररावांच्या बायकोच्या, शैलाताईंच्या हातचा ठेचा घाम न पुसता खायची, आणि सोसायटीतल्या पोरांचं ऐकून प्रभाकररावांना ‘काका’ म्हणायची. ते त्यांना जरा लागायचं, पण बोलणार कुणाला?

“मुद्देसूद होऊ द्या,” प्रभाकरराव खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “आधी कारण, मग घटना, शेवटी उपाय.”

“अहो, मुलाखत आहे ती. तुमचं ऑडिट नाही,” शैलाताई चहा ठेवत म्हणाल्या.

जोसियान हसली आणि आपल्या संथ हिंदीत सांगू लागली. एकोणीसशे चौऱ्याण्णव साल, तेव्हा ती नऊ वर्षांची. गल्लीत सगळ्यांची विहीर एक, चर्च एक. फक्त वडिलांच्या ओळखपत्रावर जमातीचा एक शब्द होता, तुत्सी. एप्रिलमध्ये रस्त्यारस्त्यावर अडसर लागले आणि तो शब्द बघून माणसं बाजूला काढली जाऊ लागली. वडील गेले, दोन्ही भाऊ गेले. तिला शेजारच्या, मारणाऱ्यांच्याच हुतू जमातीतल्या म्हातारीनं घेवड्याच्या पोत्यांमागे दडवलं. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. ओवीचं पेन थांबलं होतं.

प्रभाकररावांची खोड काही जाईना. “पण इतकी घरं त्यांना बिनचूक सापडली कशी?”

“यादी होती, काका. आमच्या वस्तीतल्या कारकुनानं केलेली. भला माणूस होता, अक्षर मोत्यासारखं. वर्षभर आधी आमच्याकडे चहा पीत बसून त्यानं सगळ्यांची नावं लिहिली. धाकट्याचं नाव चुकू नये म्हणून वडिलांनी एकेक अक्षर सांगितलं. त्याला कुणाला मारायचं नव्हतं. त्याला यादी नीट हवी होती, एवढंच.”

 प्रभाकररावांनी हळूच पेपर ओढून कार्डांवर टाकला, पण एकशे बारा कार्डं एका पेपरखाली मावतात होय?

“माझं पण आहे का त्यात?” जोसियाननं विचारलं.

होतं ना. तिच्या नावापुढे जिल्हा लिहिता येईना म्हणून यांनी ‘परदेशी’ असा खास गट काढला होता, आणि लाल पट्टी. सबंध सोसायटीत एकच. मघापर्यंत त्याचं त्यांना कौतुक होतं. जोसियाननं कार्ड उचलून वाचलं.

“नाव बरोबर लिहिलंय, काका.”

टोमणा असता तर परवडलं असतं. ती खरंच तेवढंच सांगत होती.

 शैलाताईंनी ढिगातलं सगळ्यात वरचं, नवऱ्याचंच कार्ड घेतलं. “हिरवी पट्टी? अहो, आपण बार्शीचे ना? स्थानिक कधी झालात?”

प्रभाकररावांना लाज वाटली, अगदी कानापर्यंत. तासभर बोलून मंजूर करून घेतलेला ठराव उद्या स्वतःच मागे घ्यायचा, म्हणजे सगळी सोसायटी दात काढणार. काढू दे, असं म्हणून त्यांनी कात्री आणली. पहिलं कार्ड लाल पट्टीचं कापलं, दुसरं स्वतःचं. लॅमिनेशन चांगलंच चिवट होतं. क्वालिटीच्या माणसानं करून घेतलेलं काम ते. बोटाला फोड आले तरी ते कापत राहिले.

“ताई, धाकट्या भावाचं नाव काय होतं?” ओवीनं वही पुढे ओढली.

जोसियाननं नाव सांगितलं. मग ओवीचं चुकू नये म्हणून एकेक अक्षर सांगितलं. प्रभाकररावांनी कात्री खाली ठेवली आणि लेकीचं लिहून होईपर्यंत हातही हलवला नाही.