सही स्वतःची

विरंगुळा केंद्राच्या दारावर नोटीस चिकटवली होती, तीही तिरकी. 'खर्चकपातीच्या धोरणानुसार हे केंद्र एक तारखेपासून बंद होईल. रोजची सरासरी हजेरी : नऊ.' खाली गुरुवारच्या सुनावणीची वेळ.

शिंपीणबाईंनी ती दोनदा वाचली, मग आत डोकावून पिकलेली डोकी मोजली. एकतीस. आत्ताच खुर्चीत बसवलेले त्यांचे वडील, आप्पा, धरून बत्तीस.

"नऊ म्हणे! कुठेतरी पाणी मुरतंय," त्या दारातूनच म्हणाल्या.

हे त्यांचं लाडकं वाक्य. गल्लीत त्यांच्या माघारी त्यांना 'दुर्बीण' म्हणत, आणि हे ठाऊक असून त्यांना वाईट वाटत नसे. दूध पातळ लागलं की दूधवाल्यावर, बटण हरवलं की गिऱ्हाइकावर. संशय घेताना बाईंनी कधी आपपरभाव केला नाही. पण या वेळी प्रकरण अंगाशी येणारं होतं. आप्पांनी चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली. आता हात थरथरत आणि आठवण येऊन-जाऊन असे. मागच्या वर्षी रंगकामासाठी केंद्र चार दिवस बंद होतं, तेव्हा बाई त्यांना घरी ठेवून दुकानात गेल्या. आप्पांनी आतून दाराचं कुलूप खोलून सुटं केलं, खिट्टी अडकून बसली आणि पुन्हा जोडता येईना. शेवटी सुताराला बोलावून दार फोडावं लागलं. आत आप्पा मांडीवर स्प्रिंगा घेऊन लहान मुलासारखे रडत होते. ते रडणं बाईंच्या कानातून गेलं नव्हतं. केंद्र बंद झालं तर दुकान बंद, एवढा सरळ हिशेब होता.

मग आकडा कोणी खाल्ला? संशयाची सुई मावशींवर गेली. केंद्राचं दार उघडायचं, औषधाच्या वेळा सांभाळायच्या, हजेरीपुस्तक ठेवायचं, सगळं मावशींकडेच. नोटीस लागल्यापासून त्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. बाईंशी नजर मिळवत नव्हत्या. मंगळवारी बाईंनी त्यांना काखेत हजेरीपुस्तक घेऊन नगरपालिकेत शिरताना पाहिलं.

"चांगल्या जागी बदलीचं गाजर दाखवलं असणार," बाईंनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. "गुरुवारी या सगळे. भर सभेत नाव घेते की नाही बघा!"

बुधवारी त्या नगरपालिकेच्या अभिलेख कक्षात जाऊन बसल्या. कारकुनाने दोन वर्षांची हजेरीपुस्तकं टेबलावर आदळली, धूळ उडाली, आणि तो समोरच बसून राहिला. बाईंना त्याचाही संशय आला.

पानं उलटत त्या मागे गेल्या. नऊ सह्या, दहा, आठ. आणखी मागे, एका सोमवारी, आकडा एकदम बदलला. त्या सोमवारी अकरा, आणि त्याच्या आधीच्या शनिवारी चौतीस.

"सापडलं!" बाई जवळजवळ ओरडल्या. "एका रविवारात तेवीस माणसं कुठे गेली हो?"

"गेली नाहीत कुठे," कारकून जांभई देत म्हणाला. "त्या पानाला परिपत्रक जोडलंय, वाचा. ज्याची त्याने सही केली तरच हजेरी धरायची. दुसऱ्याने केलेली चालणार नाही. कोणाची तरी तक्रार आली होती."

"कोणाची?"

"मागे लावलीय."

बाईंनी पान उलटलं. निळी शाई, ओळीखाली पट्टीने मारलेली रेघ. 'माझ्या वडिलांच्या नावासमोरची सही त्यांची नाही. वीसहून अधिक सह्या एकाच हातच्या आहेत. केंद्रात खोटी माणसं दाखवली जात असल्याचा दाट संशय आहे. चौकशी व्हावी.' खाली सही. बाईंचीच.

तो अर्ज त्यांना चांगला आठवत होता. 'योग्य ती कार्यवाही केली आहे' असं उत्तर आलं होतं, तेव्हा गल्लीभर मिरवलंही होतं. कार्यवाही म्हणजे काय केलं, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. ज्यांच्या हातात पेन स्थिर राहत नाही त्यांच्या सह्या मावशी करत होत्या, एवढी साधी गोष्ट. त्या दिवसापासून आप्पा रोज केंद्रात जात होते आणि कागदावर कुठेच जात नव्हते.

गुरुवारी दुपारी सभागृहाच्या पायऱ्यांवर त्यांनी मावशींना गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं, अर्ज माझा होता?"

"खाली सही होती की. मेमो मला मिळाला, अर्जाची नक्कल जोडून."

"मग बोलला का नाहीत मला?"

मावशींनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "रोज दारात उभ्या राहून आत बघत होतात, बाई. दोन वर्षांत एकदा तरी काही विचारलंत? परवाही साहेबांकडे पुस्तक घेऊन गेले होते, माणसं येऊन मोजा म्हणायला. बाहेरच्या बाहेर परत पाठवलं."

बाई मान खाली घालून सभागृहात शिरल्या.

आत गल्लीतली माणसं पुढच्या रांगा धरून बसली होती. दुर्बीण आज कोणाला तरी उघडं पाडणार म्हणून सगळे खुशीत होते. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "आकड्यात कोणाचा तरी हात आहे असा तुमचा आरोप आहे. कोणाचा?"

कारकुनाकडून काढून घेतलेली अर्जाची नक्कल बाईंच्या पर्समध्ये होती. ती तिथेच राहिली असती तरी कोणाला कळलं नसतं, आणि मावशी बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. बाईंनी ती बाहेर काढली.

"माझा," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत अर्ज मोठ्याने वाचला. मागे कोणीतरी हसलं. बाई बसल्या नाहीत. "मी न विचारता संशय घेतला, ही माझी चूक. पण तुम्ही तर न बघता नियम केलात. चौतीसचे अकरा झाले, तेव्हा तुमच्यातलं एक माणूस तरी पाच मिनिटं केंद्रात आलं का? मावशी सांगायला आल्या, त्यांना हाकललंत. आणि आता त्याच आकड्यावर कुलूप लावताय!"

साहेब शेजारच्याशी कुजबुजले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. महिनाभर पुन्हा मोजणी होईल. सरासरी वीस भरली तर केंद्र राहील. मात्र परिपत्रक लागू आहे. सही स्वतःची."

"अहो, पण ज्यांचा हात..."

"पुढचा विषय."

शुक्रवारी सकाळी केंद्रात टेबलापासून दारापर्यंत रांग लागली होती. सगळ्यात पुढे आप्पा. मावशींनी त्यांच्या नावासमोरच्या चौकटीवर बोट ठेवलं. आप्पांनी पेन धरलं, टोक कागदाला लागलं आणि भलतीकडे घसरलं. दुकान उघडायची वेळ होऊन गेली होती. बाईंचा हात आपसूक पुढे गेला, त्यांनी तो मागे घेतला. त्या वाकून आप्पांच्या बोटांकडे बघत राहिल्या.

"पोरी," आप्पा म्हणाले, "जरा तिकडे बघ ना. कोणी बघत असलं की हात जास्त हलतो."

शिंपीणबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. पाठीमागे पेन थांबत होतं, खरडत होतं, पुन्हा थांबत होतं. त्यांना वळून बघायची फार इच्छा झाली. त्या वळल्या नाहीत. बऱ्याच वेळाने मावशींचा आवाज आला.

"झाली. पुढचे या."