हजारात बारा

"गुरुजी, शून्य पूर्णांक शून्य नऊ मोठं, का एक पूर्णांक दोन?"

सिंधु दारातच उभी राहून विचारत होती. सहावीतली पोरगी. दशांश अपूर्णांक मीच तिला शिकवले होते आणि ते तिला चांगले येत होते. उत्तर माहीत असूनही ती विचारत होती, म्हणजे माझ्या तोंडून दुसरं काही निघावं अशी तिची आशा होती. तिच्या हातात एक कागद होता.

"एक पूर्णांक दोन मोठं," मी म्हणालो. "आत ये."

हा कागद तिच्या आईचा, शांतम्माचा. दोन वर्षांपूर्वी तिला रक्ताचा कर्करोग असल्याचं कळलं होतं. पण हा हळू चालणारा प्रकार होता आणि रोजच्या एका गोळीने आटोक्यात राहत होता. ती दुकानात बसत होती, भाकरी करत होती, शेजारणीशी भांडतही होती. पंधरा दिवसांपूर्वीच तिचा नवरा सिद्रामप्पा उदगीरच्या आमच्या गल्लीत पेढे वाटत फिरला होता. "गुरुजी, रक्त एकदम नॉर्मल! पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी, सगळं जिथल्या तिथं!" आणि आज हा दुसरा कागद आला. त्याचा नमुना बाहेरगावी जातो, म्हणून निकाल पंधरा दिवसांनी येतो.

"डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळी काम करेना झाली असंल तर बदलावी लागंल," सिंधु म्हणाली. "सोमवारी लातूरला बोलावलंय. पण रक्त तर नॉर्मल आलंय ना? मग दोन्हीतला खोटा कागद कोणता?"

"खोटा कोणताच नाही. चल, तुझ्या दुकानात जाऊ."

सिद्रामप्पाचं डाळी-धान्याचं दुकान. बाहेर 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असा फलक होता. उन्हाने त्यातला 'जिल्हा' पुसत चालला होता. त्या चैत्रात पाणी इतकं कमी होतं की लातूरला ते रेल्वेने आणावं लागत होतं. शांतम्मा गल्ल्यावर बसली होती. मला पाहून तिने पदर सावरला.

"या गुरुजी. पोरीनं सांगितलं जणू."

"सांगितलं. मला तुरीचं एक पोतं दाखव."

सिद्रामप्पाने पोत्याचं तोंड उघडलं. मी सिंधुला विचारलं, "हा माल कसा आहे?"

"चांगला हाय. वजन बरोबर, दाणा स्वच्छ."

"बघून आणि तोलून इतकंच कळतं. पहिला कागद तेवढंच सांगतो. पेशी मोजायच्या, ठरल्याइतक्या आहेत का बघायचं. आता यातले हजार दाणे निवडून बघ, किडके किती ते."

पोरगी सुपात तूर घेऊन बसली. शंभर-शंभराचे ढीग करायला तिला पाऊण तास लागला. गिऱ्हाइकं वाट बघत होती. एक म्हातारा म्हणाला, "काय सिद्रामप्पा, आता दाणे मोजून इकायला लागलास काय?" कुणी हसलं नाही.

"हजारात चार किडके," सिंधुने सांगितलं.

"वरून दिसले होते?"

"न्हाई."

"दुसरी तपासणी अशी. त्या रोगाची एक खूण असते. रक्तात ती खूण शेकडा किती राहिली ते ही तपासणी शोधते. मागच्या वेळी शेकडा शून्य पूर्णांक शून्य नऊ, म्हणजे हजारात एकसुद्धा भरत नव्हती. आता एक पूर्णांक दोन. हजारात किती?"

"बारा," सिंधु हळूच म्हणाली.

शांतम्माने हिशेब ऐकला होता. "बारा म्हणजे लई झाले का गुरुजी?"

"पोतं काही वाया गेलं नाही. वजन अजून बरोबर आहे. पण कीड वाढायला लागली, ते वेळेत दिसलं. ही तपासणी त्यासाठीच तर करायची. आता ती का वाढली ते शोधू. गोळी चुकते का?"

"एक दिवस बी न्हाई," ती ताडकन म्हणाली. "डॉक्टरनं बी हेच इचारलं. सांगितल्यापरमानं घेते."

मी सिंधुला भिंतीवरची दिनदर्शिका काढायला सांगितली. शिकवताना मला एक सवय आहे. उत्तर चुकलं की पोराला ओरडायचं नाही, त्यालाच एकेक पायरी पुन्हा चढायला लावायची. "काल आईने गोळी कधी घेतली? परवा? मागे मागे जा."

सिंधु बोट ठेवत मागे गेली. "काल सकाळी जेवल्यावर. परवा सकाळी जेवल्यावर..." आणि बोट थांबलं. "सोमवारी न्हाई. सोमवारी आईचा उपास असतो. ती सकाळी जेवतच न्हाई."

"मग ती चुकली थोडीच!" शांतम्मा म्हणाली. "डॉक्टरनं बजावून सांगितलंय, सकाळच्या जेवणावर घ्यायची, उपाशीपोटी घ्यायची न्हाई. मी त्यांचंच ऐकलं. पाऊस पडंना म्हणून कार्तिकापासून सोमवार धरलेत, प्रदोष बी."

सिद्रामप्पाने डोक्याला हात लावला. "अगं, मला तरी सांगायचंस!"

"तुम्ही इचारलंत का कधी? पेढे वाटायला तेवढे पुढं."

सिंधु चुकलेल्या दिवसांवर फुल्या मारत होती. महिन्यातले चार सोमवार, शिवाय दोन प्रदोष. "सहा दिवस," ती म्हणाली. "प्रदोष सोमवारीच आला तर पाच."

शांतम्माने दिनदर्शिका हातात घेतली, एकेका फुलीवर नख टेकवलं. मग म्हणाली, "उपास सोडणार न्हाई मी. देवाला शब्द दिलाय."

"सोडू नकोस," मी म्हणालो. "संध्याकाळी पूजा झाल्यावर जेवतेस ना?"

"हाव. पोटभर."

"रोज जेवतेस?"

"रोज."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग स्वतःच हसली. "म्हणजे गोळी रोज रातच्या जेवणावर घेतली तर?"

"ते डॉक्टरांना विचार. फुल्या मारलेला कागद सोबत ने. लपवू नकोस."

सोमवारी ती उपाशीच लातूरला गेली. डॉक्टरांनी कागद नीट पाहिला. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. गोळी आत्ताच बदलायची नाही म्हणाले. रोज रात्री जेवणासोबत, मोठा पेला भरून पाण्याबरोबर घ्यायची, एकही दिवस न सोडता. तीन महिन्यांनी तीच तपासणी. तेव्हाही वाढली असेल तर मग दुसरं औषध.

ते तीन महिने शांतम्माने टँकरच्या पाण्यातला एक पेला आधी बाजूला काढला आणि मग घागरी भरल्या. सिंधु रोज रात्री दिनदर्शिकेवर बरोबरची खूण करायची.

आषाढात कागद आला. या वेळी पोरगी दारात थांबली नाही. थेट दुकानात गेली, मलाही हाक मारली. सिद्रामप्पा पेढ्यांच्या दुकानाकडे निघाला होता.

"थांबा बाबा, आधी वाचू द्या. शून्य पूर्णांक तीन."

"हजारात किती?" शांतम्माने विचारलं.

"तीन."

"बारावरून तीन." तिने पदराने कपाळ पुसलं. "तीन बी निघतील. गुरुजी, पुढची तपासणी कधी?"

"तीन महिन्यांनी."

"सिंधे, दिनदर्शिकेवर लिहून ठेव," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाची तूर तोलायला वळली.