हिरवा दिवा

आधी भीती विकायची, मग हवा शुद्ध करायचं यंत्र आपोआप विकलं जातं, असं साहेबांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. घरात गेलं की हवा मोजायचा मीटर काढायचा आणि गप्पांच्या नादात जवळची गादी हळूच झटकायची. धूळ उडते, दिवा लाल होतो. मग यंत्र लावायचं. दहा मिनिटांत दिवा हिरवा आणि गिऱ्हाईक खिशात.

शिंप्याकडे गादी झटकावीही लागली नाही. एकाच खोलीत दुकान आणि संसार, भिंतींवर कापडाचा भुगा. कोपऱ्यातल्या खाटेवर त्याची सहा वर्षांची पोर खोकून खोकून अर्धी झालेली. बायको गेल्यापासून त्याचा जीव तिच्यातच होता. त्याने किंमतही विचारली नाही.

"खिडकी मात्र बंद ठेवायची, फटी बुजवायच्या," मी पाठ केलेलं म्हणून टाकलं. "नाहीतर पालथ्या घड्यावर पाणी."

उघड्या खिडकीच्या कट्ट्यावर कोळशाची इस्त्री धुमसत होती. विजेच्या इस्त्रीने कोटाची घडी बसत नाही, हा त्याचा हट्ट. मी ती पाहिली आणि सहीसाठी कागद पुढे केला.

आठव्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, उपकार झाले. यंत्रावरचा दिवा दिवसभर हिरवा. खोकलाही उतरलाय."

"छान की."

"फक्त डोकं दुखतं म्हणते. माझंही जड असतं. नव्या हवेनं होतं का असं?"

"खिडकी?"

"तुम्ही सांगितल्यापासून उघडलीच नाही. फटींत चिंध्या कोंबल्यात."

"आणि इस्त्री?"

"आतच. सकाळपासून पेटलेली आहे. कोट पोचवून आत्ताच आलो."

यंत्र धूळ धरतं. कोळशाचा विषारी वायू ते धरत नाही, त्याने दिवाही लाल होत नाही. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर हे बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते पान मी कधी कुणापुढे उघडलं नव्हतं. लाज वाटायला उशीर झाला होता.

"पोरीला उचलून बाहेर न्या. आत्ता."

"झोपलीय हो ती."

"उचला म्हणते ना."

त्याने फोन बाजूला ठेवला, पण बंद केला नाही. यंत्राची घरघर ऐकू येत होती. "ठमे, ऊठ," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. मग फोनजवळ आला.

"ताई, दिवा तर हिरवाच आहे," तो म्हणाला. "मग ही उठत का नाही?"