आपण कोण, ते सांगा

पासवर्डची अक्षरं दाबली तरी पडद्यावर काहीच उमटेना, तेव्हा ताईने कीबोर्डवरून हात उचलला.

“बटणं अडकली वाटतं. काही दिसतच नाहीये.”

शेजारच्या खुर्चीतल्या धाकट्या भावाने मान हलवली आणि डाव्या हाताने ‘चालू दे’ अशी खूण केली. तिने उरलेली अक्षरं अंदाजानेच दाबली. एंटर दाबताच पडद्यावरच्या काळ्या खिडकीतून पांढऱ्या ओळी भराभर वर सरकू लागल्या.

“म्हणजे घ्यायचं सगळं, पण दाखवायचं काही नाही. बरं आहे.”

भाऊ हसला. हसताना त्याचा उजवा गाल अजून मागे राहत होता.

सात महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि त्याच्या उजव्या हातातली ताकद गेली, तसे तोंडातले शब्दही गेले. समजायचं सगळं, पण पाणी हवं असो की पंखा बंद करायचा असो, बाहेर पडायचं ते ‘छत्री’. सुरुवातीला घरातल्यांना रडू यायचं. आता कुणी ‘कुठली छत्री रे?’ असं विचारलं की तोही हसायचा. संगणकाच्या खोलीत मात्र तो पाऊल टाकत नव्हता.

अंध मुलांच्या शाळेसाठी त्याने एकोणीस वर्षांपूर्वी एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. साधा मजकूर दिला की ते त्याचे ब्रेलचे ठिपके करून द्यायचं. शाळेची पुस्तकं त्यातूनच निघत. झटक्याच्या थोडं आधी त्यात काही भर घालताना कुठेतरी गडबड झाली असावी. गेल्या महिन्यात मुख्याध्यापिकांचा फोन आला होता. “भूगोलात दऱ्यांचा दर्या झालाय हो. मुलं डोंगरात समुद्र शोधताहेत.” आता शाळा सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते, आणि भावाचा जुना संगणक तर केव्हाच बंद पडला होता.

ताईची एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. संगणकातलं तिला पत्र लिहिण्यापुरतं येत होतं. पण भावाची जुनी वही तिला सापडली. नव्या यंत्रावर काय काय बसवायचं आणि इंटरनेटवर ठेवलेलं सॉफ्टवेअर कसं उतरवून घ्यायचं, ते त्याने तिच्यात ओळीने लिहून ठेवलेलं होतं. दुकानातून लिनक्स प्रणाली घातलेला संगणक आणला आणि ती सकाळीच येऊन बसली. एकदा सगळं मांडून दिलं की हा पुन्हा कामाला लागेल, एवढाच तिचा हिशेब होता. तिने हाक मारली तेव्हा तो दारापर्यंत आला, थोडा वेळ चौकट धरून उभा राहिला आणि मग आत येऊन बसला.

तिसऱ्या कमांडला यंत्र अडलं. भावाने पडद्यावर बोट टेकवलं.

“ही आडवी रेघ? एक नको?”

त्याने दोन बोटं दाखवली.

“आमच्याकडे एखादी रेघ कमी पडली तर वाक्य तेवढं लंगडायचं. इथे सगळंच ठप्प.”

दुपारी खरी अडचण आली. सॉफ्टवेअर पायथॉन या संगणकाच्या भाषेत होतं; त्याला जुनं पायथॉन हवं होतं आणि यंत्रावर नवं होतं. वहीत त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. भाऊ डाव्या हाताने माउस सरकवत माहिती शोधू लागला; ती मोठ्याने वाचायची, तो मान हलवून ‘हे नको’ असं सुचवायचा. दोनदा सगळं पुसून पुन्हा बसवावं लागलं. शेवटी या एका कामापुरता यंत्रात वेगळा कप्पा तयार झाला, त्यात जुनं पायथॉन बसलं आणि सॉफ्टवेअर उघडलं.

मग त्याने तिला एक लांबलचक तक्ता दाखवला. संगणकाची भाषा तिला कळत नव्हती, पण जोडाक्षरं कळत होती. ती एकेक ओळ नखाने दाबत खाली आली.

“अरे, यात ‘ऱ्य’ आहे कुठे? ‘र्य’ दोनदा आलाय.”

वरच्या ओळी बघून तिने ती ओळ दुरुस्त केली. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ असे दोन्ही शब्द देऊन पाहिले. दोघांचे ठिपके वेगळे आले. भावाने टेबलावर हलकेच थाप मारली.

आता दुरुस्तीची, ती करणाऱ्याच्या नावासकट, नोंद तेवढी करायची होती. वहीतली शेवटची कमांड तिने दिली, तर यंत्राने नकार दिला. तिने इंग्रजी ओळ वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

“ऐक. म्हणतोय, कृपया आपण कोण ते सांगा. दिवसभर राबवून घेतलं, आणि आता ओळख विचारतोय.”

तिने भावाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहिलं. एंटर दाबणार तोच त्याने तिचं मनगट धरलं. कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि स्वतःचं नाव एकेक अक्षर करून पुसलं. मग बराच वेळ थांबत, अक्षर शोधत, त्या जागी तिचं नाव लिहिलं. वडिलांचं नाव आणि आडनाव तसंच राहू दिलं.

“अरे, हे माझं झालं,” ती मऊपणे म्हणाली. “चुकलास. थांब, मी करते.”

त्याने कीबोर्ड सोडला नाही. पुढच्या ओळीत ईमेलचा पत्ता हवा होता. तिथे त्याने तिचाच पत्ता लिहिला, शेवटच्या दोन आकड्यांसकट, बरोबर. मग कीबोर्ड तिच्यापुढे सरकवून तो खुर्चीत मागे टेकला.

खिडकीबाहेर कुणीतरी वाळलेले कपडे काढत होतं. तिने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि एंटर दाबलं.

नोंदींची यादी उघडली. खालपर्यंत एकोणीस वर्षं एकच नाव होतं. सगळ्यात वरच्या ओळीत तिचं.

“शाळेला फोन करते,” ती म्हणाली. “पुस्तकं छापायला घ्या म्हणून.”

त्याने मान डोलावली. ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि दारात थांबली.

“उद्या किती वाजता येऊ?”

त्याने डाव्या हाताची पाच बोटं दाखवली, मूठ मिटली आणि मग चार दाखवली.