कर्नलची खाज आणि मी

मित्रांनो, माझ्या पोटात चार लुगडी आहेत, एक धोतर आहे आणि कापडाच्या तुकड्यांची तर गणतीच नाही. मी एक गोधडी आहे. आता जुनी झाले आहे, पण टाके अजून शाबूत आहेत.

१९९० सालच्या हिवाळ्यात पुलगावला जिजाबाईने मला शिवलं. तिचा नवरा लहानू कापड गिरणीत मागावर काम करायचा आणि वाया गेलेले तुकडे घरी आणायचा. जिजाबाईला बाळ होणार होतं. शेजारची जयवंताबाई रोज दुपारी यायची आणि दोघी दोन टोकांना बसून मला शिवायच्या. जिजाबाईचे टाके मुंगीच्या पावलांएवढे आणि जयवंताबाईचे उंटाच्या. त्यामुळे माझी एक बाजू जरा तिरकीच झाली.

मग नंदिनी जन्मली. तिने पहिल्याच दिवशी मला भिजवलं आणि पुढची दोन वर्षं हा नेम मोडला नाही. रोज धुणं, रोज कुंपणावर वाळणं. पुलगावच्या उन्हात मी तासाभरात खडखडीत होत असे. बाळ बघायला आलेल्या बाया आधी बाळाला हात लावायच्या आणि मग मला. "काय गरम गोधडी शिवली वो जिजा!" असं म्हणायच्या. मी मनातल्या मनात फुगून जायची.

नंदिनी सात वर्षांची झाली तेव्हा लहानूने स्टेशनजवळच्या फेरीवाल्याकडून एक ब्लँकेट आणलं. त्या ब्लँकेटवर वाघ होता. माझ्यावर वाघ नव्हता. झालं, मी खाटेखाली गेले. पावसाळ्यात पाणी आत येऊ नये म्हणून मला उंबऱ्याशी कोंबू लागले. मित्रांनो, पाणी अडवणं हे काम काही वाईट नाही, पण त्यासाठी कुणी कुणाची स्तुती करत नाही.

१९९९ च्या पावसाळ्यात नंदिनी शाळेतून येताना एक पिल्लू घेऊन आली. रंग मातकट, एक कान उभा, एक पडलेला. पण चाल अशी, की समोर पलटण उभी आहे आणि हा सलामी घेतो आहे. लहानू खूश झाला. म्हणाला, "अबे, हा तं कर्नल हाय!"

जिजाबाई म्हणाली, "कर्नल असो का कलेक्टर, घराच्या आत येणार नाई."

पण त्याच संध्याकाळी तिने मला उंबऱ्यावरून उचललं, पिळलं, वाळवलं आणि पुढच्या छपरीत कोपऱ्यात अंथरलं. कर्नल माझ्यावर तीन वेळा गोल फिरला आणि धप्पकन बसला. कितीतरी वर्षांनी माझ्यावर पुन्हा एक लेकरू झोपत होतं. मी वाघाला माफ केलं.

दोन वर्षं सुखाची गेली. एवढंच, की या दोन वर्षांत मला कुणी धुतलं नाही. कुत्र्याची गोधडी कोण धुतो? माझ्या शिवणींत अधूनमधून गुदगुल्या व्हायच्या. मला वाटायचं, वय झालं.

२००१ च्या उन्हाळ्यात कर्नलला खाज सुटली. आधी शेपटीच्या मुळाशी, मग मांड्यांवर, मग पाठीवर. तो बसला की खाजवायचा, उठला की चावायचा, आणि भुंकायला लागला की मध्येच थांबून खाजवून घ्यायचा. चोर आला असता तर त्यालाही थांबावं लागलं असतं. महिन्याभरात शेपटीजवळचे केस गेले आणि कातडी लाल झाली. लहानूने चष्मा लावून त्याचं सगळं अंग धुंडाळलं. "गोचीड तं एकबी नाई," तो म्हणाला.

मग सल्ले सुरू झाले. जयवंताबाईने कडुनिंबाचा पाला उकळून अंघोळ घालायला सांगितली. लहानूने खोबरेल तेलात गंधक कालवून चोळलं. कुणीतरी म्हणालं, अंगातली उष्णता आहे, दही द्या. कर्नलने ते दही आनंदाने खाल्लं, ताट चाटलं आणि खाजवू लागला.

शेवटी आले अण्णाजी. ते ट्रकचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं.

"जळकं ऑइल लावा," ते म्हणाले. "मी तीस वर्षं ट्रक चालवला, मले सांगू नका."

"अण्णाजी, हे कुत्रं हाय का ट्रक?" जिजाबाईने विचारलं.

पण तोवर लहानू डबा घेऊन आला होता. कर्नल आपादमस्तक काळा झाला. गल्लीतली कुत्री, जी कालपर्यंत त्याला वचकून होती, ती त्याला परका समजून अंगावर धावून आली. तो पळत येऊन माझ्यात शिरला आणि मीही काळी झाले. खाज तशीच राहिली.

तोवर वर्षावास सुरू झाला होता. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत आमच्या वस्तीत धम्मग्रंथाचं वाचन होतं. एरवी ते विहारात व्हायचं, पण त्या वर्षी विहाराचे पत्रे गळत होते, म्हणून दर रविवारी पाळीपाळीने एकेकाच्या घरी ठरलं. ऑगस्टमध्ये पाळी आली लहानूच्या घराची.

जिजाबाईने दोन दिवस घर घासलं. कर्नलला पार मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाला बांधलं. छपरीत सतरंजी घातली. वाचन करणारे महादेवराव वयाने मोठे, त्यांना फरशी टोचू नये म्हणून काहीतरी मऊ हवं होतं. आजूबाजूला पाहता पाहता जिजाबाईची नजर माझ्यावर पडली. तिने माझी काळी बाजू आत घेतली, चार घड्या घातल्या आणि मला सतरंजीखाली, महादेवरावांच्या जागेवर सरकवलं.

मला फार अभिमान वाटला. कुत्र्याखालून थेट ग्रंथवाचकाखाली!

दुपारी चारला पंचवीस माणसं जमली. सगळी स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली. महादेवरावांनी चष्मा पुसून वाचायला सुरुवात केली. पाचएक मिनिटं शांततेत गेली. मग त्यांचा डावा पाय उजव्या पायावर घासू लागला. आवाज मात्र जराही हलला नाही. त्यांच्यामागे बसलेल्या अण्णाजींनी पोटरी खाजवली. मग जयवंताबाईने मान. मग ही खाज ओळीने मागे सरकत गेली, पंक्तीत वाढपी सरकतो तशी. माणसं मोठ्या भक्तिभावाने समोर बघत होती आणि हात मात्र पदराखाली, धोतराखाली, सदऱ्याखाली गुपचूप चालू होते.

एवढ्यात जयवंताबाई ओरडली, "अव माय! माह्या पातळावर काहीतरी उडून राह्यलं!"

पांढऱ्या पातळावर तिळाएवढा काळा ठिपका होता. तिने बोट नेलं आणि ठिपका नाहीसा झाला. मग तो अण्णाजींच्या टोपीवर दिसला. मग ठिपकेच ठिपके दिसू लागले. महादेवरावांनी पान संपवलं, ग्रंथ नीट कापडात गुंडाळला आणि मगच दोन्ही हातांनी पाय खाजवले. मंडळी खीर न खाताच उठली. भांडंभर खीर जिजाबाईकडे बघत राहिली.

सगळे गेल्यावर लहानू उंबऱ्यावर येऊन बसला. त्याच्या घरी एवढी माणसं पहिल्यांदाच आली होती, आणि अशी गेली होती. मग तो म्हणाला, "येत्या रविवारी कर्नलले नदीच्या पल्याड नेऊन सोडतो."

नंदिनी तेव्हा दहा वर्षांची होती. ती म्हणाली, "बाबा, काऊन? त्यानं काय केलं? तो तं मागं बांधला होता!"

मित्रांनो, त्या दिवशी त्या घरात बोललं गेलेलं हे सर्वांत शहाणपणाचं वाक्य होतं. पण ते कुणाच्या कानात शिरलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

नंदिनी रडत मागच्या अंगणात गेली आणि कर्नलच्या गळ्यात पडली. जिजाबाई खिरीवर ताट झाकत म्हणाली, "सोडायचं तं सोडा. पण बिमार जीवाले असं टाकून येत नसते कोनी. आधी डॉक्टरले दाखवा."

"ढोरायचा डॉक्टर कुत्र्याले पाहीन का?"

"इचारून तं पाहा. डॉक्टर काही चावत नाई."

सोमवारी लहानूने गिरणीतून सुट्टी घेतली. सायकलरिक्षा बोलावली. अंगभर ऑइल लागलेला कर्नल सीटवर नको म्हणून रिक्षावाल्याने हट्ट धरला. तेव्हा कर्नलला माझ्यात गुंडाळलं, नंदिनीच्या मांडीवर ठेवलं आणि आम्ही जनावरांच्या सरकारी दवाखान्यात निघालो.

तिथे आमच्या आधी दोन बैल, एक म्हैस आणि पोट फुगलेली एक शेळी होती. डॉक्टर म्हणजे डॉ. रक्षा, नागपूरहून नुकत्याच आलेल्या. त्यांनी शेळीचं पोट उतरवलं, हात धुतले आणि कर्नलला माझ्यासकट टेबलावर घेतलं.

"हे काळं काय लावलंत?"

"जळकं ऑइल, मॅडम," लहानू पुटपुटला.

"तो अंग चाटतो, म्हणजे ते पोटात जातं. खाजेने नाही मेला तर ऑइलने मरेल. आजपासून बंद."

जळक्या ऑइलचं नाव काढलं की शिकलेला माणूस चिडतो, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. खाज कधीपासून आहे? सुरुवात कुठून झाली? खायला काय देता? घरात आणखी कुणाला खाज येते का?

या शेवटच्या प्रश्नाला लहानू छताकडे बघू लागला. नंदिनी म्हणाली, "सगळ्यांनाच येते. काल तं पूर्ण वस्तीले आली."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी कर्नलची कातडी एका पात्याने हलकेच खरवडली, काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकात पाहिली. "खरजेचे किडे नाहीत," त्या म्हणाल्या. मग एक बारीक दातांची फणी घेऊन शेपटीच्या मुळाशी, जिथे ऑइल कमी लागलं होतं, तिथे फिरवली. फणीतून मिरीच्या पुडीसारखी काळी कणी पडली. त्यांनी ती ओल्या कापसावर टाकली आणि नंदिनीला म्हणाल्या, "आता बघत राहा."

कापसावर प्रत्येक कणाभोवती लालसर डाग पसरला.

"हे रक्त आहे, कर्नलचंच. पिसवा रक्त पितात आणि ही त्यांची विष्ठा. कर्नलला पिसवांच्या चावण्याचं वावडं आहे. दुसऱ्या कुत्र्याला शंभर चावल्या तरी तो झोपेल, याला दोन-चार पुरतात."

"पण मॅडम, अंगावर तं पिसू दिसलीच नाई," लहानू म्हणाला.

"अंगावर त्या थोड्याच असतात. अंडी, अळ्या, बाकीचा संसार तो झोपतो तिथे असतो. कुठे झोपतो हा?"

लहानूने माझ्याकडे पाहिलं. नंदिनीने माझ्याकडे पाहिलं. कर्नलनेसुद्धा पाहिलं. आणि त्याच क्षणी माझ्या तिरक्या बाजूच्या शिवणीतून एक पिसू उडाली आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर जाऊन बसली.

मित्रांनो, त्या गुदगुल्या वयाच्या नव्हत्या. ज्या लेकराला मी ऊब देत होते, त्याला माझ्यातूनच कुणीतरी रोज चावत होतं. मला टेबलाखाली जावंसं वाटलं, पण आम्हाला स्वतःहून कुठे जाता येतं?

डॉक्टरांनी खाजेसाठी इंजेक्शन दिलं, पिसवांची पावडर दिली आणि ती कशी लावायची ते दाखवलं. लहानूला बजावलं, "नुसता कुत्रा बरा करून चालणार नाही. अंथरूण उकळा, छपरीतल्या भेगा झाडून साफ करा. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा खाजवेल. घाबरू नका. कोशातल्या पिसवा मागाहून निघतात. सगळं पुन्हा करा."

घरी आलो तर अण्णाजी दारातच. सगळं ऐकून त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. "उकळता कायले? पेटवून द्या. एका काडीचं काम हाय."

माझ्यात चार सुती लुगडी होती, त्यात दोन महिन्यांचं ऑइल मुरलेलं. मी खरोखरच एका काडीचं काम होते.

जिजाबाई पुढे आली. "अण्णाजी, हे माह्या हातचे टाके हायेत. हिले काडी लावान तं तुमच्या टोपीपासून सुरुवात करा. टोपीतबी पिसवा हायेतच."

अण्णाजींनी टोपी काढली, आत पाहिलं आणि तडक घरी गेले.

चुलीवर लग्नात पाणी तापवायचा मोठा गुंड, म्हणजे पितळी हंडा, चढला. त्यात धुण्याचा सोडा पडला आणि मग मी पडले. उकळण्याचं वर्णन मी करणार नाही, कारण वाचणाऱ्यांत लहान मुलं आहेत. पहिलं पाणी डांबरासारखं निघालं, दुसरं बिनदुधाच्या चहासारखं, तिसरं दुधाच्या चहासारखं. सातव्या पाण्यात जिजाबाईला लुगड्याची हिरवी किनार दिसली आणि ती म्हणाली, "अव, ही इथं होती होय!" नंदिनी नारळाच्या खराट्याने छपरीच्या भेगा कोरत होती. लहानू गिरणीतून आल्यावर पावडर लावत होता, नाकाला रुमाल बांधून.

पंधराव्या दिवशी कर्नल पुन्हा खाजवू लागला. लहानूचा चेहरा पडला. "पाहा, फुकट गेलं सारं."

"डॉक्टरनं सांगितलं होतं नं?" नंदिनी म्हणाली आणि तिनेच चूल पेटवली. मी पुन्हा गुंडात. आणखी पंधरा दिवसांनी तिसऱ्यांदा. त्यानंतर नदीच्या पल्याडचं नाव कुणी काढलं नाही.

ऑक्टोबरच्या कडक उन्हात मी दिवसभर पत्र्यावर वाळत पडले होते. दुपारी नंदिनीने मला खाली काढलं आणि छपरीत अंथरलं. कर्नलच्या शेपटीजवळ मऊ मातकट केस फुटू लागले होते. तो आला, त्याने मला हुंगलं आणि आडवा झाला. जिजाबाई दारात उभी राहून बघू लागली. मग लहानूही आला. तिघं त्याच्या मागच्या पायाकडे बघत होती. पाय एकदा हलला. लहानूचा हात पावडरच्या डब्याकडे गेला. कर्नलने पाय लांब केला, आळस दिला आणि घोरायला लागला.

जिजाबाईने डोळ्याला पदर लावला आणि धूर झाला म्हणाली. चूल तर तेव्हा विझलेली होती.

कर्नल पुढे नऊ वर्षं जगला आणि दर महिन्याला मी उकळले. मित्रांनो, तुमच्याकडचं मुकं जनावर खाजवत असेल तर त्याच्यावर ओरडू नका, त्याला डॉक्टरकडे न्या. आणि ते उठलं की त्याच्याखालचं अंथरूण एकदा उचलून बघा. आम्हाला बोलता येत नाही, नाहीतर आम्ही आपणहून कबुली दिली असती. पाणी मात्र कडकडीत घ्या. कोमट पाण्याने पिसवांची फक्त अंघोळ होते.